पावणे गावाचा कारभारी कोण?

ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याहून कोपरखैरण्याकडे निघाले की पावणे कधी आले आणि कधी मागे पडले, हे नवख्याला कळत नाही. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधल्या पट्ट्यात कारखान्यांच्या भिंती, रसायनांचे टँकर, कंटेनर, चहाच्या टपऱ्या. या सगळ्याच्या मधोमध एक जुने गाव आहे. गावदेवीचे देऊळ, एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती, दुचाकी जेमतेम जाईल अशा गल्ल्या. आगरी-कोळी घरांचे हे गाव नवी मुंबईच्या जन्माच्या कितीतरी आधीचे.

अशा गावातल्या एखाद्या जुन्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात कागदांची पिशवी असते. तिच्यात आजोबांच्या नावाचा सातबारा सापडतो. त्यावर कब्जेदार म्हणून कधीच दुसऱ्याचे नाव चढलेले असते. ग्रामपंचायतीने दिलेली घरपट्टीची पिवळी पडलेली पावती असते, भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत असते, साडेबारा टक्के योजनेचा पत्रव्यवहार असतो आणि महापालिकेचे मालमत्ता कराचे ताजे बिल असते. एकाच घराच्या एकाच पिशवीत ग्रामपंचायत, महसूल खाते, एमआयडीसी, सिडको आणि महानगरपालिका अशी पाच कार्यालये शेजारी-शेजारी नांदतात. गावाचा कारभार नेमका कोणाकडे, हा प्रश्न नवी मुंबईत तीस-पस्तीस वर्षे चर्चेत आहे. त्याची सद्यस्थिती मांडायची तर या पिशवीतले कागद जुन्यापासून नव्याकडे क्रमाने लावणे सोयीचे.

ग्रामपंचायतीचे दिवस

साठच्या दशकापर्यंत हा सारा पट्टा ठाणे तालुक्याचा ग्रामीण भाग होता. खाडीच्या बाजूला खार जमिनी आणि मिठागरे, वरच्या अंगाला भातशेती, ओहोटीच्या चिखलात मासेमारी. खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवणारे बांध गावाने मिळून राखायचे, कारण एकाचा बांध फुटला तर शेजारच्या दहा जणांचे भात जायचे. सामाईक कामाची ही सवय ग्रामपंचायतीहून जुनी. तिला ‘गावकी’ म्हणतात आणि ती आजही जत्रेच्या वेळी, लग्नकार्यात, भांडणतंट्यात दिसते.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावांच्या कारभाराला कायद्याची चौकट दिली. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. म्हणजे या गावांना त्रिस्तरीय पंचायत राज मिळाले ते नेमके त्यांचे ग्रामीणपण संपायला लागले त्याच वर्षी. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना झाली.

आधी एमआयडीसी, मग सिडको

मुंबईतली गर्दी खाडीपलीकडे न्यावी, हा विचार १९५८ च्या स. गो. बर्वे समितीपासूनचा. ठाणे खाडीवर पूल बांधावा आणि पलीकडे वस्ती वसवावी, असे त्या समितीने सुचवले. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी जुळ्या शहराची कल्पना मांडली आणि पुढे धनंजयराव गाडगीळ समितीने प्रादेशिक नियोजनाची शिफारस केली. मात्र शहराच्या चर्चा कागदावर चालू असतानाच दिघ्यापासून तुर्भ्याच्या दिशेने ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे औद्योगिक क्षेत्र उभे राहात होते. ठाणे खाडीपलीकडचे म्हणून त्याचे नाव ‘ट्रान्स ठाणे क्रीक’, म्हणजे टीटीसी. नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने, त्यांच्यामागोमाग शेकडो लघुउद्योग. पावणे, महापे, खैरणे, तुर्भे, रबाळे ही नावे गावांची होती, ती औद्योगिक विभागांची झाली. आज राज्यात बहुतेकांना पावणे ठाऊक आहे ते ‘पावणे एमआयडीसी’ म्हणूनच.

१७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाली, तीही कंपनी कायद्याखाली. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, तिला १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि हातात सुरुवातीचे भांडवल ३ कोटी ९५ लाख रुपये. एवढ्या पैशात शहर होत नाही. म्हणून तत्त्व ठरले की जमीनच भांडवल: शेतकऱ्यांकडून घ्यायची, विकसित करायची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, रेल्वेचा वाटा उभा करायचा. शहरनियोजनाच्या जगात या प्रयोगाचे कौतुक झाले आणि ते अस्थानी नव्हते. पण ज्याची जमीन भांडवल म्हणून गेली, त्याला या कंपनीच्या कारभारात मत नव्हते, ही त्याची दुसरी बाजू.

या दुसऱ्या बाजूला आवाज दिला तो शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व रुजले आणि १९९० च्या शासन निर्णयाने ते नवी मुंबईसाठी आकाराला आले. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातले पावणेचार टक्के वजा होतात, हाती येतात पावणेनऊ. ही योजना सिडकोच्या संपादनाशी जोडलेली. टीटीसीसाठी झालेले एमआयडीसीचे संपादन आधीचे आणि वेगळे. पावण्यासारख्या गावात एकाच भावकीतल्या दोन घरांची जमीन दोन महामंडळांकडे गेली असेल, तर त्यांचे हक्कही दोन वेगळ्या वाटांनी चालतात. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द एक असला तरी त्यामागचा कागद एक नाही.

१९९२: महापालिका

१७ डिसेंबर १९९१ च्या अधिसूचनेने नवी मुंबई महानगरपालिका जन्मली आणि १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली. पावण्यासह ठाणे तालुक्यातल्या गावांच्या ग्रामपंचायती तिच्यात विरल्या. नगरपालिकेची मधली पायरी न घेता गावे थेट महापालिकेत गेली, हे ध्यानात घ्यायला हवे. कालपर्यंत सरपंचाच्या ओट्यावर सुटणारी बाब आयुक्तांच्या दालनापर्यंत जाऊ लागली. महापालिका कायद्यात कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. महासभा आणि स्थायी समिती धोरण व खर्च पाहतात. महापौराची मुदत अडीच वर्षांची आणि अधिकार मर्यादित.

पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. त्याआधी, डिसेंबर १९९४ मध्ये, विकसित विभागांचे नियोजनाधिकार सिडकोकडून महापालिकेकडे आले. जमिनीची मालकी मात्र सिडकोकडेच राहिली. टीटीसीमध्ये तर नियोजनही एमआयडीसीकडे आणि जमीनही एमआयडीसीकडे. महापालिकेकडे कर आणि काही सेवा. चालू वादाची सारी मुळे या एका वाटणीत आहेत.

महापालिकेने कामही थोडेथोडके केले नाही. खालापूरजवळचे मोरबे धरण विकत घेऊन स्वतःचे पाणी मिळवले. स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या महापालिका राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीतले काही मुख्य रस्ते काँक्रीटचे झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या घरात होती. एवढ्या वस्तीला स्वच्छतेत देशात वरचा क्रमांक सातत्याने मिळवून देणे सोपे नाही.

२०१५ मध्ये १११ एकसदस्यीय प्रभागांतून निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन गुंता. साडेपाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यातल्या स्थानिक निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, या वेळी बहुसदस्यीय पद्धतीने. गावाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पूर्वी ‘आमचा नगरसेवक’ असे एकाकडे बोट दाखवता येई. आता पॅनेलमधल्या कोणाकडे जायचे, हेही ठरवावे लागते.

परदेशातला समांतर धागा

नवी मुंबईची तुलना इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सशी व्हायला हवी, कारण दोन्ही शहरे एकाच पिढीची आणि एकाच विचाराची. तिथे ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. वरती काउंटी, तिच्या पोटात डिस्ट्रिक्ट आणि तळाशी पॅरिश. मापाने आपल्या जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्या जवळ जाणारी ही उतरंड. १९७२ च्या कायद्याने तिथल्या कारभाराची फेररचना झाली आणि १ एप्रिल १९७४ पासून नवे डिस्ट्रिक्ट अस्तित्वात आले. त्यातलेच मिल्टन कीन्स एक.

तिथेही आधी विकास महामंडळ आले होते, १९६७ मध्ये. ब्लेचली, वोल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावे आणि आजूबाजूची खेडी त्याच्या क्षेत्रात घेतली गेली. तिथल्याही शेतकऱ्यांची जमीन गेली, तिथल्याही गावांना आपण शहराखाली गाडले जाऊ अशी धास्ती होती. पण दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पहिली, ते महामंडळ ३१ मार्च १९९२ रोजी विसर्जित झाले. नवी मुंबई महापालिका सुरू झाली त्याच्या बरोबर तीन महिन्यांनी! तिथली उरलेली जमीन आधी केंद्रीय संस्थेकडे गेली आणि २०१३ मध्ये स्थानिक कौन्सिलने ती बव्हंशी आपल्याकडे घेतली. दरम्यान १९९७ मध्ये काउंटी आणि डिस्ट्रिक्ट या दोन्ही पातळ्यांचे अधिकार त्या एकाच कौन्सिलकडे एकवटले होते. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वरची सत्ता एकवटत गेली तरी तळाची पॅरिश कौन्सिले टिकली. स्टोनी स्ट्रॅटफर्डला आजही स्वतःचे निवडून आलेले टाउन कौन्सिल आहे. त्याचे अधिकार छोटे, पण गावाच्या नावाने बोलणारी कायदेशीर संस्था आहे.

आपल्याकडे नेमके उलट झाले. महामंडळे पन्नास वर्षांनंतरही उभी आहेत आणि तळाची ग्रामपंचायत पहिल्याच दिवशी गेली. ही तुलना ताणू नये, हे मान्य. सिडकोकडे अजून विमानतळ, मेट्रो, पनवेल-उलव्याचे विभाग अशी मोठी कामे आहेत. मिल्टन कीन्सपेक्षा तिचा पसारा कित्येक पटींनी मोठा. तरी प्रश्न नीट दिसायला हे उदाहरण उपयोगी पडते.

चार बाजू

पहिली बाजू महापालिकेची आणि तिच्या एकछत्री कारभाराचा आग्रह धरणाऱ्यांची. शहर एक, मग नियोजनही एकाच ठिकाणी हवे, असे ती म्हणते. ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा मोकळ्या भूखंडांवर शाळा, मैदाने, रुग्णालये यांची आरक्षणे टाकली. त्यातले बरेच भूखंड सिडकोच्या मालकीचे. सिडकोने हरकत घेतली, दरम्यान काही भूखंड विक्रीलाही निघाले. लोकसंख्या वाढत असताना सुविधांसाठी जागाच उरणार नाही, ही महापालिकेची काळजी समजण्यासारखी आहे. पावण्याला लागून असलेले औद्योगिक क्षेत्र तर या आराखड्याच्या कक्षेबाहेरच, कारण तिथला नियोजनाधिकार एमआयडीसीचा.

सिडकोचे उत्तर आर्थिक आहे. जमीन विकूनच शहर उभे राहिले, पुढची कामेही त्यातूनच होणार. निवडून आलेल्या सभागृहाने भूखंड मोफत मागितले तर प्रकल्पांना पैसा कोठून येणार? शिवाय सुरुवातीच्या काळात शाळा, उद्याने, बाजार यांसाठीच्या जागा आपण आखून दिल्या, म्हणूनच हे शहर मुंबईपेक्षा मोकळे राहिले, असा तिचा दावा आहे. शहरात फिरणाऱ्या कोणालाही तो पुष्कळसा पटेल.

उद्योजकांची आणि एमआयडीसीची बाजू निराळीच. एमआयडीसी पाणी देते, त्याचे बिल घेते, सेवाशुल्क घेते; महापालिका मालमत्ता कर घेते. मग रस्ता, गटार आणि दिवा यांची जबाबदारी कोणाची? या कराच्या प्रश्नावर उद्योजकांच्या संघटना अनेकदा न्यायालयात गेल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये औद्योगिक नगरीची तरतूद आहे: उद्योगच नागरी सेवा देत असतील तर राज्यपाल त्या क्षेत्रात नगरपालिका नसावी असे ठरवू शकतात. तिचा आधार घेऊन औद्योगिक क्षेत्राला स्वतंत्र व्यवस्था द्यावी, असा एक विचार मांडला जातो. विरोधकांचा आक्षेप असा की टीटीसी म्हणजे नुसते कारखाने नाहीत. एमआयडीसीच्या जमिनीवर तुर्भे स्टोअर, दिघा, रबाळे परिसरात हजारो कुटुंबांच्या झोपडवस्त्या आहेत. त्यांच्या शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ महापालिकेकडे आहेत. मतदाराला औद्योगिक नगरीत कोण विचारणार?

चौथी बाजू गावांची. ती सर्वात जुनी आणि सर्वात कमी ऐकली गेलेली. गावठाणाचा विस्तार वेळेवर झाला नाही, कुटुंबे मात्र वाढली. जमीन संपादित झालेली, परवानगी मिळेना, म्हणून मुलाच्या लग्नाआधी घराच्या मागे दोन खोल्या वाढवल्या, मग मजला चढवला. यांनाच इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. शासनाने २०१० पासून टप्प्याटप्प्याने ती नियमित करण्याचे निर्णय घेतले. २०२२ च्या निर्णयात गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतच्या बांधकामांचा विचार झाला. समूह विकासाचाही पर्याय पुढे आला. पण अंगण आणि शेजार सोडून टॉवरमध्ये जायला अनेक गावकऱ्यांची तयारी नाही. दुसरीकडे शहरातले नागरिक विचारतात की गरजेपोटीचे घर आणि भाड्यासाठी बांधलेली सात मजली इमारत यांत फरक कसा करणार? अग्निशमनाची गाडी शिरणार नाही अशा गल्लीत ती इमारत उभी असेल तर तिथल्या भाडेकरूचा जीव कोणाच्या जबाबदारीवर? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला गप्प करून मिळणार नाही.

वाटणीची किंमत: दोन प्रकरणे

अधिकार विभागलेले असले की काय होते, ते दोन ठिकाणी फार ठळक दिसले. दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनीवर ९९ बेकायदा इमारती उभ्या राहिल्याचे प्रकरण २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजले. कष्टाच्या पैशातून घर घेतलेली कुटुंबे पाडकामाच्या भीतीने रस्त्यावर आली. जमीन एकाची, नियोजन दुसऱ्याचे, कर तिसऱ्याचा, पाण्याची जोडणी कुठून तरी मिळालेली. इमारतीचे मजले चढत असताना ते थांबवणे आपले काम आहे असे कोणालाच वाटले नाही, निदान वेळेत तरी नाही.

दुसरे प्रकरण पावण्यातलेच. एमआयडीसीच्या तीस एकरांहून अधिक जागेत डोंगराच्या पायथ्याशी बावखळेश्वर मंदिराचा मोठा परिसर उभा राहिला होता. अनेक वर्षे तो भाविकांनी फुललेला असे. बांधकाम बेकायदा असल्याचे सांगून उच्च न्यायालयाने ते हटवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये एमआयडीसीने मोठ्या पोलीस बंदोबस्तात मंदिरे पाडली. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. गावाच्या मनात मात्र दोन भावना एकाच वेळी होत्या: देवस्थान गेल्याचे दुःख, आणि गावकऱ्याच्या एका खोलीवर नोटीस लागते तर एवढा परिसर उभा राहीपर्यंत जमिनीचे मालक कुठे होते, हा सवाल.

रोजच्या जगण्यातली वाटणी याहून बारीक आहे. कारखान्याचे पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणातून एमआयडीसीमार्फत येते, घरचे पाणी मोरबे धरणातून महापालिकेमार्फत. काही वस्त्यांना मात्र एमआयडीसीच्याच पाण्यावर भागवावे लागते. म्हणून पाणीकपातीच्या दिवशी रस्त्याच्या एका बाजूला नळ चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद, असेही घडू शकते. रात्री रसायनाचा उग्र वास पावणे, कोपरखैरणे, वाशीपर्यंत पसरला की तक्रार करायची ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि ते ना महापालिकेच्या हाताखाली ना एमआयडीसीच्या. मे २०२२ मध्ये पावणे एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्याला भीषण आग लागली. अशा वेळी एमआयडीसीचे अग्निशमन दल आणि महापालिकेचे दल दोन्ही धावतात, जीव धोक्यात घालून काम करतात. पण आगीआधीची तपासणी, साठ्याची परवानगी, शेजारच्या वस्तीला सूचना ही कामे वेगवेगळ्या कार्यालयांत वाटलेली. धुराची दिशा गावाकडे असेल तेव्हा गावाला कळवायचे कोणी, याचे उत्तर कोणत्याच एका फाइलमध्ये नाही.

शेजाऱ्यांचे अनुभव

हा गुंता फक्त पावण्याचा नाही. महापालिकेत घेतलेली दहिसर-मोरी पट्ट्यातली १४ गावे कराच्या बोज्याच्या तक्रारीवरून झगडून २००७ मध्ये बाहेर पडली. सुविधा मिळेनात म्हणून त्यांनीच पुन्हा आत येण्याची मागणी केली आणि २०२४ मध्ये त्यांच्या समावेशाची अधिसूचना निघाली. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत आणि त्यानंतर न्यायालयात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली तेव्हा खारघर-कामोठ्याच्या रहिवाशांनी तोच प्रश्न विचारला, जो टीटीसीतले उद्योजक विचारत होते: सिडकोचे सेवाशुल्कही भरायचे आणि महापालिकेचा करही?

या गावांच्या आत-बाहेरच्या प्रवासातून एक गोष्ट दिसते. ग्रामपंचायत राहिली तर निधी अपुरा, महापालिका आली तर आवाज अपुरा. चारी बाजूंनी शहर असलेल्या पावण्याला तर बाहेर पडण्याचा मार्गही नाही.

काय अनिर्णित आहे

सिडको नवी मुंबईच्या जुन्या विभागांतून कधी आणि कोणत्या अटींवर बाहेर पडणार, याची तारीख ठरलेली नाही. टीटीसीतले नियोजन महापालिकेकडे द्यायचे, की एमआयडीसीकडे ठेवून नुसत्या सेवांचा करार पक्का करायचा, हा दुसरा प्रश्न. माझ्या मते करारापासून सुरुवात करणे अधिक व्यवहार्य आहे. नियोजनाधिकाराचा निकाल लागेपर्यंत गटारे थांबू शकत नाहीत.

वरच्या संस्थांमधली ही ओढाताण वर्तमानपत्रांत दिसते. तळाचा प्रश्न दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अनुच्छेद २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या आवश्यक आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार एकत्र बसून आपल्या भागाची कामे आणि गरजा ठरवतील. शहरातली ग्रामसभाच म्हणा. कागदावर ही तरतूद आहे, प्रत्यक्षात ती रुजलेली नाही. पावण्यासारख्या गावाला क्षेत्रसभा मिळाली तर गावकीला पहिल्यांदाच कायद्याचे अंग मिळेल. यावर एक रास्त शंका घेतली जाते. गावात आता मूळ गावकऱ्यांपेक्षा भाडेकरू पुष्कळ आहेत; उत्तर प्रदेश, बिहारपासून मराठवाड्यापर्यंतचे कामगार. गावकी त्यांना आपले मानेल का? आणि क्षेत्रसभेत त्यांची संख्या जास्त झाली तर गावकरी ती मानतील का? मिल्टन कीन्सच्या पॅरिशमध्ये राहायला आलेला माणूस तिथला मतदार होतो, तेवढे पुरते. आपल्याकडे ‘गाव’ या शब्दात नाते, देव आणि जमीन असे तिन्ही मिसळलेले आहे. ते कायद्याच्या एका कलमाने वेगळे होणार नाही.

आणि शेवटी मोजणीचा प्रश्न. घरे नियमित करण्यासाठीचे २५० मीटर मोजायचे तर कोठून? गावठाणाच्या हद्दीवरून. गावठाणातल्या घरांना शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. त्यांना लागते ती नगर भूमापनाची मिळकत पत्रिका. गावठाणांचे सर्वेक्षण करून ती द्यावी, ही मागणी इथली गावे वर्षानुवर्षे करत आहेत. पिशवीत ग्रामपंचायतीची पावती आहे, निवाडा आहे, साडेबारा टक्क्यांची पत्रे आहेत, महापालिकेचे बिल आहे. ज्या जमिनीवर घर उभे आहे तिचा नकाशा असलेला कागद मात्र अजून अनेक घरांच्या पिशवीत आलेला नाही.